तिला थोडं तापू द्या

"पंधरा मिनिटं कशाला लागतात, हिलालनाना?"

"तापायला."

"पण तापायला कशाला हवंय?"

हिलालनाना जीपच्या बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. इंजिन चालू होतं, आणि त्याच्या थरथरीने त्यांच्या स्वेटरची लोंबणारी बाही हलत होती. त्यांनी टेकडीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"तिला थंडी सोसत नाही, मॅडम. थोडं तापू द्या. मंग निघू."

सहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं आणि वहीत तेवढंच लिहिलं.

मी तेवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन पाच महिने झाले होते आणि मी सातपुड्यातल्या एका पठारावर थंडी मोजायला आले होते. पाड्यावरच्या लोकांना याचं हसू यायचं. थंडी काय मोजायची, ती वाजते. पण मला एक साधी गोष्ट आकड्यांत पकडायची होती. रात्री डोंगरावरची हवा गार होते, गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खाली खोऱ्यात साचते. म्हणून पहाटे डोंगरापेक्षा खोरं जास्त गार असतं. किती जास्त, हे बघायला एकाच पहाटे दोन्हीकडे मोजायला हवं, तेही एकाच थर्मामीटरने, कारण दोन थर्मामीटर कधी सारखं बोलत नाहीत. भरवशाचा थर्मामीटर माझ्याकडे एकच होता.

म्हणजे सव्वासहाला वर मोजायचं, सामान आवरायचं, पंचेचाळीस मिनिटांचा घाट उतरायचा आणि खोऱ्यात ऊन पडायच्या आत खाली मोजायचं. ऊन सात पस्तीसला पडायचं. एकदा गवतावर ऊन आलं की त्या दिवसाचे दोन्ही आकडे वाया.

जीप आमच्याकडे फक्त जानेवारी महिना होती. एकतीस दिवस. पुण्याच्या देवस्थळी मॅडम, ज्यांचा हा प्रकल्प होता, त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं: तीस दिवसांच्या जोड्या पूर्ण आणल्यास तर शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. एकोणतीस आणल्यास तर तो निबंधच होत नाही. सहाव्या दिवशी घाटात उसाचा ट्रक आडवा आला आणि आम्ही सात सदतीसला पोचलो. गवत चमकत होतं. हातातला एक दिवस गेला, आता एकही गमावून चालणार नव्हतं.

आणि रोज पंधरा मिनिटं हिलालनाना गाडी तापवत होते.

हिलाल माळी मूळचे खाली तालुक्याकडचे. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे. वीस वर्षं याच पठारावर कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाची गाडी चालवत होते, पाड्यावरच्या पावरा आदिवासींची बोली त्यांच्यासारखीच बोलायचे. मला त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. उलट पहिल्याच दिवशी त्यांनी माझं ऐकलं होतं. आम्ही घाट चढत होतो, वळणावर एका माणसाने दोन कोंबड्या धरलेला हात वर केला, आणि नानांनी सवयीने गाडी हळू केली.

"नाना, प्रकल्पाच्या गाडीत बाहेरच्या माणसाला घ्यायचं नाही," मी म्हणाले. "मी तसं सही करून दिलंय."

"कोंबड्यांनीबी सही करायची का?"

मी हसले नाही. नाना "बरं" म्हणाले आणि त्यांनी ॲक्सिलेटर दाबला. तो माणूस आरशात लहान होत गेला. मला वाटलं, सुरुवात चांगली झाली.

तर गाडी तापवणं. माझ्या दृष्टीने तो एक मोजता येण्यासारखा प्रश्न होता. माझ्याकडे दुसरा एक हलका थर्मामीटर होता, तो मी रेडिएटरच्या वरच्या नळीला बांधला. पाच दिवस मोजमाप घेतलं. उभ्या गाडीत पंधरा मिनिटांनी नळीचं तापमान एकतीस अंशांपर्यंत जायचं. गाडी चालायला लागली की पुढच्या सहाच मिनिटांत ते पंचावन्न व्हायचं. म्हणजे इंजिन उभं राहून तापत नव्हतं, चालून तापत होतं. पहिले दोन किलोमीटर सावकाश नेली की झालं. मी आलेख काढला आणि चहा पिताना नानांसमोर ठेवला.

त्यांनी तो खरोखर मन लावून बघितला. बोटाने रेघ गिरवली.

"इथं चढ लागला का?"

"नाही, इथं गाडी निघाली. बघा, निघाल्यावर किती भरभर तापते."

"हां. इंजिनचं बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. मी ते कबुली म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मात्र परत पंधरा मिनिटं. बॉनेटवर हात, टेकडीकडे नजर. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी आम्ही सात तेहतीसला पोचलो, ऊन पडायच्या जेमतेम दोन मिनिटं आधी. परत वर आल्यावर मी रेंज मिळायच्या खडकावर गेले, आलेखाचा फोटो देवस्थळी मॅडमना पाठवला आणि खाली लिहिलं, 'चालक ऐकत नाहीत.'

संध्याकाळी त्याच खडकावर मॅडमचा फोन आला. मी स्पीकर चालू करून मोबाइल नानांसमोर धरला.

"हिलाल, वृषाली सांगते तसं करा. उद्यापासून लगेच निघायचं."

"बरं मॅडम."

"तुम्ही जुने आहात, तुम्हाला काय सांगायचं."

"नाही नाही, बरोबर आहे."

फोन ठेवल्यावर ते खडकावर बसले. मग म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटं तरी ठेवू?"

"पाच मिनिटांना काही आधार नाही, नाना. एक मिनिट पुरतं."

"तसं नाही. त्या वरच्या पाड्यावर…"

"पाड्यावरच्या कोणाला गाडीत घ्यायचं नाही. ते आपलं बोलणं झालंय."

ते थांबले. बिडी काढली, पण पेटवली नाही. "झालंय," म्हणाले आणि उठले.

दुसरा दिवस सतरा जानेवारी. सव्वासहाला वर चार पूर्णांक एक अंश. वारा अजिबात नाही, आकाश स्वच्छ, मला हवी तशी पहाट. सहा अठ्ठावीसला माझं सामान गाडीत होतं. नानांनी चावी फिरवली, इंजिनच्या हीटरचा पिवळा दिवा विझायची वाट बघितली, सेल्फ मारला. इंजिन खोकलं आणि चालू झालं. त्या शांततेत तो आवाज समोरच्या टेकडीवर आपटून परत आला.

मी मनात साठ आकडे मोजले.

"चला."

"काच पुसतो." काचेवर दहिवराचा जाड थर होता. ते उतरले आणि फडक्याने पुसायला लागले, सावकाश, गोल गोल. एक गोल झाला की टेकडीकडे बघायचे.

"नाना, पुरे."

"कोपरा राह्यला."

"मला दिसतंय ना सगळं."

"चालवायचं मला आहे."

ते मला टोमण्यासारखं लागलं. वेळ काढताहेत, हे उघड दिसत होतं. माझ्याकडे लायसन्स होतं, घरी बाबांची गाडी मी चालवायचे. मी सरकून त्यांच्या जागेवर बसले आणि पहिला गिअर टाकला. नाना धावत वळसा घालून आले, चालत्या गाडीत डावीकडून चढले आणि दार ओढून घेतलं. हातात अजून ओलं फडकं होतं.

"थांबा थोडं, मॅडम."

"खाली गेल्यावर थांबू."

गाडी रस्त्याला लागली तेव्हा उजवीकडच्या आरशात मला काहीतरी लाल दिसलं. आरसा ओला होता, पण लुगडं आहे हे कळण्याइतकं कळलं. टेकडीच्या पायवाटेवर कोणीतरी उतरत होतं, बरोबर आणखी एक माणूस, आणि त्या माणसाचा हात वर होता. मला कोंबड्या आठवल्या. मी मनात म्हणाले, आणखी एक. मग वळण आलं.

खाली सात सोळाला पोचलो. एक पूर्णांक शून्य अंश. तीन अंशांहून जास्त फरक, महिन्यातला सगळ्यात मोठा. ऊन पडायला अजून एकोणीस मिनिटं होती. मी इतकी खूष होते की फाट्याजवळच्या टपरीवर नानांना भजी घेऊ म्हटलं. त्यांनी फक्त चहा घेतला, तोही अर्धा. मला वाटलं, रुसलेत. गाडी हातातून काढून घेतल्यावर ड्रायव्हर रुसणारच.

परतीला त्यांनी चालवली. वर पोचायला दोनेक किलोमीटर राहिले असतील तेव्हा समोरून चार माणसं येताना दिसली. खांद्यावर बांबू, बांबूला चादरीची झोळी. नानांनी ब्रेक लावला, गाडी बंद केली आणि काही न बोलता उतरले. त्यांना झोळीत बघायची गरज पडली नाही. बाहेर लोंबणारा लाल पदर त्यांनी ओळखला.

"रुमली आहे," ते मला म्हणाले. "वरच्या पाड्यावरची. हा तिचा मालक, दित्या."

झोळीतली बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती ओरडत नव्हती. दात आवळून श्वास घेत होती आणि दर श्वासाला घशातून बारीक आवाज यायचा, दार करकरावं तसा. लुगडं पोटऱ्यांपर्यंत दहिवराने भिजलेलं होतं.

"पुढं घ्या तिला," नाना म्हणाले. "पुढं पायाशी इंजिनची ऊब येते. मॅडम, तुम्ही मागं."

मी मागे गेले. या वेळी नियमाची आठवण कोणीच काढली नाही, मीही नाही. गाडी तिथेच वळवून आम्ही पुन्हा खाली निघालो. दित्या माझ्याशेजारी बसला होता. तो पुढे वाकून नानांशी बोलत होता, रागाने नाही, एखादा हिशेब न लागल्यासारखा पुन्हा पुन्हा तेच बोलत होता.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

नाना समोर बघत राहिले.

"नाना, काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, गाडीचा आवाज आला म्हणून उतरलो."

"म्हणजे?"

"हिला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. थंडी लागली की हाडं धरतात. दुखायला लागलं की दवाखाना गाठायचा, पण वर दुसरी गाडी नाही. रस्त्यावर येऊन थांबावं तर थांबण्यातच थंडी खाते." त्यांनी गिअर बदलला. "म्हणून ती चुलीपाशी बसून राहते. गाडीचा आवाज झाला की निघते. दहा मिनिटं लागतात तिला उतरायला. तोवर गाडीबी तापलेली असते. चार हिवाळे असंच चाललंय."

"रोज?"

"रोज कुठं. हिवाळ्यात चारदा, पाचदा. पण कुठल्या दिवशी दुखेल ते का पंचांगात असतं? म्हणून गाडी रोज तापवायची."

तिला थंडी सोसत नाही, थोडं तापू द्या. नानांनी मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. 'ती' म्हणजे गाडी, हे मी माझं ठरवलं होतं, आणि त्यावर पाच दिवस थर्मामीटर बांधला होता.

"आज गाडी निघून गेली," नाना म्हणाले, "तर ह्यांना वाटलं, वळवून आणतील. नाना आहे, येईल परत. म्हणून रस्त्यावर बसून राह्यले. तास झाला, मंग माणसं गोळा केली."

पुढच्या सीटवरून तो बारीक आवाज येत राहिला. घाटात छत्तीस वळणं आहेत, मी नकाशावर मोजली होती. प्रत्येक वळणाला तो आवाज बदलायचा.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला सलाइन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, दुपारी रक्त चढवलं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, सकाळचा तासभर थंडीत गेला त्यामुळे हे वाढलं का. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. म्हणाले, असं नेमकं सांगता येत नाही, दुखणं आधीच सुरू झालं होतं ना. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं उत्तर योग्य होतं. एका प्रसंगावरून कारण सिद्ध होत नाही. मी ते वाक्य पुढे कितीतरी महिने जवळ बाळगलं, गरज पडेल तेव्हा काढायला. आज अकरा वर्षांनी सांगते, ते एकदाही उपयोगी पडलं नाही.

पायऱ्यांवर नाना बिडी ओढत बसले होते.

"मला सांगायचं ना, नाना."

"सांगणार होतो."

"मग?"

"तुम्ही पहिल्या दिवशी त्या कोंबडीवाल्याला सोडून दिलं. म्हटलं, आता बोलून उपयोग नाही, आत्ताच नाही म्हणून बसतील. ज्या दिवशी ती येईल त्या दिवशी समोरच उभी करू." त्यांनी राख झटकली. "माणूस समोर उभं राह्यलं की तुम्ही नाही म्हणणार नाहीत, एवढं ओळखलं होतं मी तुम्हाला."

आरशाबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या बाजूने काही दिसण्यासारखं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

अठरा तारखेपासून आम्ही मोजायची जागा आमच्या मुक्कामाच्या केंद्रापासून दोनशे पावलं लांब नेली, म्हणजे इंजिनच्या धगीचा आकड्यांना त्रास होणार नाही. नाना सव्वासहालाच गाडी चालू करायचे. मी मोजून, आवरून येईपर्यंत पंधरा मिनिटं झालेली असायची. एक मिनिटही जास्त लागलं नाही. इतकं सोपं होतं. ते मला आधी सुचलं नाही, कारण मी ते शोधत नव्हते, मी नानांना खोटं ठरवत होते.

रुमलीबाई दहा दिवस दवाखान्यात होती. तिला आम्हीच जीपमधून परत आणलं. डावा खुबा कामातून गेला होता, काठीशिवाय पाय टेकवत नव्हता, पुढेही टेकणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. त्याच दुपारी मी नानांबरोबर टेकडी चढून तिच्या घरी गेले. मला दहा मिनिटं लागली. चढताना मी वाक्यं जुळवत होते. चूक माझी होती. मी तुम्हाला आरशात बघितलं होतं. मी थांबले नाही. तीन वाक्यं, तिन्ही लहान. नाना त्यांच्या बोलीत सांगतील.

घर कुडाचं, आत धूर आणि ऊब. रुमलीबाई चुलीशी एका अंगावर रेलून बसली होती. तिने आम्हाला बघून काठीने एक पोतं माझ्याकडे सरकवलं, विस्तवाच्या जवळ. दित्याने बिनदुधाचा चहा दिला. मी पेला दोन्ही हातांत धरून बसले.

मी तोंड उघडायच्या आधी तिनेच नानांना काहीतरी विचारलं. आवाज मऊ होता.

"ती विचारतेय," नाना म्हणाले, "त्या दिवशी गाडीला काय झालं होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चार हिवाळ्यांत जी गाडी कधी अशी निघून गेली नव्हती, ती त्या दिवशी का गेली, याला काहीतरी कारण असणार, एवढंच तिला माहीत होतं.

"बिघडली होती," मी म्हणाले.

नाना माझ्याकडे वळले.

"म्हणावं, बिघाड होता. थांबवता येत नव्हती. थांबवली असती तर परत चालू झाली नसती."

चुलीतलं लाकूड फुटलं. मला वाटलं, ते उठून जातील, किंवा तिला खरं सांगतील, आणि मला कळणारही नाही. पण त्यांचे हात हलायला लागले. चावी फिरवल्याची खूण, घरघरत राहणाऱ्या इंजिनची, उतारावर न थांबणाऱ्या चाकांची. मी सांगितलं होतं त्याहून कितीतरी नीट, पटेल असं त्यांनी सांगितलं. वीस वर्षांत त्या पाड्यावर ते पहिल्यांदा खोटं बोलत होते की नाही, मला माहीत नाही.

रुमलीबाईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. जिभेने च्-च् केलं आणि माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?"

नानांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"म्हणते, मंग तुमचीबी पंचाईतच झाली असेल त्या दिवशी. एवढ्या थंडीत."

ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी मान हलवून हो म्हणाले.